शुक्रवारच्या यादीतला डावखुरा

माझ्या धाकट्या भावाचा उजवा हात कडबाकुट्टीच्या पट्ट्यात गेला नव्हता. तो मी मोडला. आमच्याच गोठ्यात, दिवसाढवळ्या, बैलगाडीच्या उभारीनं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मायला नाही, आणि माझ्या गोष्टींचे जे हजारो वाचक मला ‘भाऊ, तुमच्यासारखं मारता कोणालेच येत नाई’ असं लिहितात, त्यांनाही नाही.

मी तेव्हा चोवीसचा होतो, तो एकोणीसचा. दर्यापूरकडे आमचं गाव. माझ्याजवळ एक दोनशे पानी वही होती आणि तीत मी एका राज्याची गोष्ट लिहीत होतो. उन्हाळ्यात आमच्या काळ्या जमिनीला भेगा पडतात, हात कोपरापर्यंत आत जाईल एवढ्या. त्या भेगांच्या खाली एक राज्य आहे. वर पाऊस लागला की खालचे लोक बुडतात, म्हणून दर उन्हाळ्यात ते भेगांमधून वर येतात आणि कोरड्या जमिनीसाठी लढतात. अशी ती गोष्ट. घरात कुणाला माहीत नव्हती. वही मी ढेपेच्या पोत्यामागे लपवायचो.

भावाला ती सापडली. त्यानं ती पानठेल्यावर नेऊन मोठ्यानं वाचली. नुसती वाचली असती तर कदाचित चाललं असतं. त्यानं राजाला आमच्या बाबांचा आवाज दिला, तंबाखू मळताना बाबा बोलायचे तसा, मधेच थुंकायला थांबणारा. लोक हसून हसून खाली बसले. मला हे कळलं ते दुपारी, पानठेलेवाल्यानंच विचारल्यावर. ‘काहून रे, तुहा राजा चुना कोनत्या डबीतला खाते?’

मी घरी आलो. बाबा गावाला गेले होते, माय वावरात होती. भाऊ गोठ्यात बैलापुढे कडबा टाकत होता. मला पाहून तो राजाच्या आवाजात म्हणाला, ‘कोन येऊन राहिलं रे भेगेतून?’ आणि हसला. गाडीची उभारी, बाजूला खोचतात ती बाभळीची दांडी, भिंतीला टेकून होती. मी ती उचलली.

पहिला फटका त्याच्या पाठीवर बसला असता, पण तो वळला आणि त्यानं हात वर केला. दांडी कोपराखाली लागली. ‘दादा!’ एवढंच तो म्हणाला. त्याचं हसू अजून चेहऱ्यावरून पुरतं उतरलं नव्हतं. मी थांबू शकत होतो. त्या क्षणी माझा राग संपलेला होता, हे मला आजही नीट आठवतं. मी दुसरा फटका त्याच जागेवर मारला, आणि तिसराही. तिसऱ्याला आवाज वेगळा आला. वाळलेली पऱ्हाटी, कापसाची काडी, गुडघ्यावर मोडताना येतो तसा. बैल दाव्याला हिसके देऊ लागला. भाऊ शेणात बसला आणि त्यानं डाव्या हातानं उजवा हात मांडीवर घेतला, दुसऱ्या कुणाचा तरी हात घ्यावा तसा. मग तो ओकला.

त्याच्या पोलीस भरतीचं मैदान, धावण्याची आणि गोळाफेकीची चाचणी, अकरा दिवसांवर होतं. अमरावतीला. दोन वर्षं तो पहाटे नदीच्या पांदणीनं धावत होता, गोळ्याऐवजी पाट्याचा वरवंटा फेकत होता. आणि त्याच आठवड्यात चांदूर बाजारहून मला पाहायला पाहुणे यायचे होते. हात मोडणारा मुलगा कोण पसंत करणार?

माय आली तेव्हा मी म्हणालो, ‘कुट्टीच्या पट्ट्यात हात गेला त्याचा.’ मायनं त्याच्याकडे पाहिलं. खाटेवरून तो म्हणाला, ‘हाव. पट्ट्यात गेला.’ मी त्याला तसं सांगायला सांगितलं नव्हतं. नजरेनंही नाही. तो आपणहून म्हणाला.

यानंतर मी जे केलं ते मला फटक्यांपेक्षा वाईट वाटतं. अकोल्याच्या दवाखान्यात नेलं असतं तर डॉक्टरांनी विचारलं असतं, पट्ट्यात गेला तर कातडी कशी सोलली नाही? पोलिसांत कागद गेला असता. म्हणून मी त्याला शेजारच्या गावातल्या हाडवैद्याकडे नेलं. त्या माणसानं पाला वाटून लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या, एकवीस दिवस सोडू नका म्हणाला. तिसऱ्या दिवशी बोटं सुजून जांभळी पडली. भाऊ म्हणाला, ‘दादा, बोटं समजून नाई राहिली.’ मी म्हणालो, ‘सहन कर.’ एकविसाव्या दिवशी कामट्या सोडल्या तेव्हा हात वाकडाच जुळला होता. कोपर पुरतं सरळ होईना. शेवटची दोन बोटं मिटेनात. ती आजही मिटत नाहीत.

वही मी जाळली. लग्न झालं, चांदूर बाजारच्याच मुलीशी.

पुढची वीस-एक वर्षं मी एक ओळही लिहिली नाही. बडनेऱ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकून म्हणून लागलो, राहायला अमरावतीत आलो. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग असते तेव्हा मान वर करायला फुरसत नाही. हंगाम उतरला की दिवसाला दोन-चार गाड्या, आणि काट्याच्या केबिनमध्ये मी आणि पंखा. कोरोनाच्या साली अशाच रिकाम्या दुपारी मोबाईलवर गोष्टी वाचायचं एक ॲप हाती लागलं. तिथं कुणीही लिहू शकत होतं. मी अंगठ्यानं एक भाग लिहिला. टोपणनावानं. भेगांखालचं तेच राज्य. राजाला मात्र आवाज दिला नाही; तो मुका ठेवला. त्याच्या वतीनं बोलायला एक एकडोळा सेनापती आणला.

दर शुक्रवारी एक भाग, असं ठरवून घेतलं. सुरुवातीला वीस-पंचवीस जण वाचायचे. मग मी पहिली लढाई लिहिली. भेगेतून वर येणाऱ्या माणसांची डोकी विळ्यानं उडवतात आणि मागचे लोक ती धडं पायरी म्हणून वापरतात, असा प्रसंग. त्या आठवड्यात प्रतिक्रियांची रांगच लागली. मी समजून चुकलो. पुढे पुढे माझ्या भागात प्रेम नाही, निसर्ग नाही, कुणी जेवत नाही. मारणं, सोलणं, जाळणं. आणि ते मला येत होतं. एका वाचकानं लिहिलं, ‘तुमचं मारनं खरं वाटते.’ ती प्रतिक्रिया मी कितीदा वाचली असेल.

वाचकांचा टेलिग्रामवर एक गट झाला. तिथं मरणयादी सुरू झाली. तिची सुरुवात चांदूर बाजारच्या एका कृषी केंद्रवाल्यानं केली. त्यानं लिहिलं, ‘भाऊ, पुढच्या लढाईत मले मारा ना. नाव माहंच ठेवा.’ मी त्याला तेलाच्या कढईत टाकला. त्यानं तो भाग सगळ्या सोयऱ्यांना पाठवला, दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवला. मग प्रत्येकालाच मरायचं होतं. तेव्हा मी नियम केला: सोमवारी ज्यानं त्यानं आपली इच्छा गटात लिहायची, बुधवारपर्यंत जिच्याखाली वाचकांचे सर्वांत जास्त लाल बदाम उमटतील ती शुक्रवारच्या भागात पुरी होणार, आणि तीत एक अक्षर बदलायचा हक्क लेखकाला नाही. हे शेवटचं कलम मी मोठ्या ऐटीत घातलं होतं.

मजा चालायची. दर्यापूरच्या एक शिक्षिका होत्या, त्या लिहायच्या, ‘सर, मले मारा, पन शाळा तपासनीच्या आधी मारा.’

कृषी केंद्रवाला म्हणायचा, ‘म्याडम, तुमी मेल्या तं पोट्टे कोन सांभाळन?’

‘तेलात तळलेल्या मानसानं मधात बोलू नाई.’

असं सगळं. मी काट्यावर बसून एकटाच हसायचो.

या गटात ‘डावखुरा’ नावानं एक जण होता. पहिल्या भागापासून वाचणारा. फारसा बोलत नसे. कधीतरी बारीकशी चूक काढायचा: भेगेची माती आतून ओली असते, तुम्ही धूळ लिहिली; बैल रक्ताच्या वासानं पळत नाही, जागीच थरथरतो. मला वाटायचं कुणी म्हातारा शेतकरी असेल. मी आभार मानायचो.

तीसेक भागांनंतर मला एक फितूर हवा होता. शत्रूच्या छावणीत जाऊन सेनापतीची नक्कल करणारा तरुण हेर. सेनापती त्याला पकडतो आणि त्याचा हात मोडतो. हे कुठून आलं ते मला लिहितानाच माहीत होतं. उभारी बदलून मी गदा केली, गोठा बदलून छावणी. आणि तीन फटके बदलून एक. एक जोरदार, न्यायाचा फटका, वर त्या पोरानं फितुरीच केलेली. शुक्रवारी दुपारी भाग टाकला.

शनिवारी डावखुऱ्यानं खाली लिहिलं: ‘एका फटक्यानं मोडत नाई, लेखकसाहेब. तीन लागतात. पयला लागला का मानूस हात वर धरूनच राह्यते. बाकीचे दोन त्याच हातावर.’

कृषी केंद्रवाल्यानं विचारलं, ‘बापा, तुमी तं अनुभवी दिसता.’

‘हाव,’ एवढंच उत्तर.

काट्यावर एक गाडी उभी होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मग उतरून केबिनच्या काचेवर थापा मारू लागला. मी मोबाईलवरची तीच ओळ पुन्हा वाचत होतो. तीन हा आकडा जगात दोनच माणसांना ठाऊक होता.

भाऊ तोवर कितीतरी वर्षं अकोल्यात होता. ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं त्याचं दुकान आहे. बाबा गेल्यावर माय त्याच्याकडे राहायला गेली. आमचं बोलणं-चालणं होतं. दिवाळीला जाणं-येणं, पोरांचे वाढदिवस, फोनवर तब्येत. हात या विषयावर आम्ही कधीही बोललो नव्हतो.

सोमवारी यादीत त्याची इच्छा आली. मी ती जशीच्या तशी देतो: ‘त्या हेराले मारू नका. त्याचा हात मोडला तो मोडला. पन सेनापतीनं भर सभेत सांगावं का मीच मोडला, तीन फटके मारून, आनि फितुरी बितुरी काई नव्हती. बस.’

गटाला ते फार आवडलं. ‘हे भारी हाय.’ ‘सेनापती रडला पायजे.’ शिक्षिकाबाईंनी लिहिलं की एवढ्या भागांत पहिल्यांदा कुणी मरण न मागता काहीतरी मागितलं. बुधवारपर्यंत त्या इच्छेला मिळाले तेवढे बदाम कुणालाच कधी मिळाले नव्हते.

मी लिहायला बसलो. सभा लिहिली, सेनापती उभा केला. त्याच्या तोंडी पहिलं वाक्य घालायचं होतं. गुरुवारची सगळी दुपार त्या एका वाक्यात गेली. गोष्टीतला माणूस, खोटं नाव, खोटं राज्य, आणि तरी माझ्या अंगठ्यानं ते होईना. मला वाटलं, त्यानं हे लिहून घेतलं की उद्या तो गटात सांगेल, परवा मायला. आता तो काहीही सांगू शकतो. ही भीती अंगात शिरली आणि तिचा राग झाला. गोठ्यात झाला होता तसाच.

मग मी सभा खोडली. तिच्या जागी सेनापती अंधारकोठडीत जातो असं लिहिलं. हेर भिंतीला बांधलेला, मोडका हात लोंबतो आहे. दोन शिपाई त्याचा जबडा लोहाराच्या पकडीनं उघडा धरतात. सेनापती त्याची जीभ दोन बोटांत धरतो, ती निसटते, तो ती राखेनं चोळून पुन्हा धरतो, आणि विळ्यानं मुळापासून कापतो. एकदम नाही, विळा बोथट असतो. मग ती जीभ तो भेगेत टाकतो आणि पायानं माती लोटतो. हे सगळं मी अर्ध्या-पाऊण तासात लिहिलं. काट्यावर बसून, मधे एका गाडीचं वजन घेऊन. इतकं सरसर माझ्या हातून कधीच काही उतरलं नव्हतं. आणि लिहिताना मला बरं वाटत होतं. हेही सांगायला हवं.

शुक्रवारी लोक वेडे झाले. ‘काय मारलं भाऊ!’ ‘राखेनं चोळली, हे कोठून सुचते?’ शिक्षिकाबाईंनी मात्र लिहिलं, ‘सर, ठरलं होतं ते तुमी मोडलं. तुमचाच नियम होता.’ संध्याकाळी गटात एक बारीक करडी ओळ उमटली: डावखुरा यांनी गट सोडला.

तिसऱ्या दिवशी मी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेलो. दुकानात एक मुलगी आणि तिचे वडील बसले होते. पोलीस भरतीचा फॉर्म. अशा किती मुलांचे फॉर्म तो भरत असेल, हे माझ्या मनात आजवर आलंच नव्हतं. तो डाव्या हातानं टाइप करत होता; उजवा हात कागदावर पेपरवेटसारखा ठेवलेला. मला पाहून त्यानं मानेनं बाकाकडे खूण केली.

‘गोळ्याची प्रॅक्टिस चालू हाय ना?’ त्यानं मुलीला विचारलं.

‘हाव, काका.’

‘हात सांभाळ वं बाई. मैदान होईस्तोवर कोनाशी मस्ती करू नोको.’

ती दोघं गेली. मी म्हणालो, ‘तू वाचून राहिला होता.’

‘पयल्या भागापासून. भेगा पाह्यल्या अन् समजलं.’

‘मंग सांगतलं काहून नाई?’

‘तू तरी कोठी सांगतलं?’ मग तो प्रिंटरमध्ये कागद घालू लागला. एका हातानं ते अवघड जातं; मी उठलो तर म्हणाला, ‘बस. मले येते.’ कागद घालून झाल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाला, ‘दादा, जीभ कापाची काय गरज होती? मी बोललो होतो का कोनाजवळ, इतक्या वर्सांत?’

मी बाकावरचा एक कोरा फॉर्म उचलून वाचू लागलो.

‘मले गटात काई नव्हतं पायजे,’ तो म्हणाला. ‘मनलं, गोष्टीत जमलं तं घरीबी जमन तुले. एकाच मानसाले सांगाचं हाय. बाबा गेले मले वेंधळा म्हनत म्हनत. माय हाय अजून.’

त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आम्ही त्याच्या घरी गेलो, पाच मिनिटांच्या वाटेवर. मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. वहिनीनं चहा केला. म्हणजे भावाची बायको. वयानं लहान, पण मी तिला पहिल्यापासून वहिनीच म्हणतो. ती भावाच्या हातात कप देऊ लागली तशी माय म्हणाली, ‘खाली ठेव वं. त्याच्या हातात देऊ नोको, सांडवन. चालत्या पट्ट्यात हात घालनारा मानूस तो.’

ती हे मायेनं म्हणते. प्रत्येक वेळी म्हणते. मी ते पन्नास वेळा ऐकलं असेल आणि पन्नासही वेळा चहा प्यालो आहे. या वेळी भावानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. भरतीच्या मैदानात शिट्टीची वाट पाहावी तसं. वहिनी गॅसकडे वळलेली, माय माझ्या समोर, खोलीत दुसरं कुणी नाही. मी तोंड उघडलं.

‘माय,’ मी म्हणालो, ‘चहात साखर कमी हाय.’

भाऊ उठला आणि डाव्या हातात साखरेचा डबा घेऊन आला.

परत आल्यावर चार शुक्रवार मी भाग टाकला नाही. पाचव्या शुक्रवारी सभा लिहिली. सेनापती उभा राहतो आणि सगळं सांगतो, तीन फटके, फितुरी नव्हती, जीभ भीतीपोटी कापली. टोचणी लागली होती म्हणून लिहिलं. वाचक म्हणाले, भाग पाणचट झाला; सेनापतीला काय झालं? ज्यानं ते मागितलं होतं तो गटात नव्हता. पुढे मी मालिकाच थांबवली. कृषी केंद्रवाला अजूनही अधूनमधून विचारतो, ‘भाऊ, पुढचा मुडदा कवा?’

आता हे लिहिलं आहे, आणि टोपणनावानं नाही. भाऊ वाचेल. पण मायला वाचता येत नाही, आणि कुणी तिला हे वाचून दाखवावं असं मी म्हणणार नाही. ते पुन्हा दुसऱ्याच्या तोंडून वदवल्यासारखंच होईल. तिच्या समोर बसून, भाऊ खोलीत असताना, माझ्या तोंडानं सांगणं बाकी आहे की पट्टा नव्हता, मी होतो. फटके तीन होते. आणि दवाखान्याऐवजी हाडवैद्याकडे मीच नेलं. एवढं मी भावाचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.